ऑडिटची तयारी

आमच्या घरात ऑडिट हा शब्द जितक्या वेळा उच्चारला गेला, तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं गेलं नसेल. माझा नवरा इंदुरातल्या सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघायचा. नवऱ्याला नावाने हाक मारायची सवय मला कधी लागली नाही, म्हणून इथेही मी त्यांना 'हे'च म्हणणार. पंपाचे लोखंडी भाग ओतायचे, घासायचे, मोजायचे आणि मोठ्या कंपन्यांना पाठवायचे, असा तो कारखाना. त्या कंपन्यांची माणसं तपासणीला यायची. ती येणार असं कळलं की यांची झोप उडायची.

मग तयारी सुरू. जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवायचे. मोडक्या ट्रॉल्या मागच्या शेडमध्ये ढकलायच्या. जो कामगार जास्त बोलतो त्याला त्या दिवशी प्रेमाने सुट्टी द्यायची. आलेल्या मंडळींना आधी पोहे-जिलेबी, मग कारखाना दाखवायचा, तोही यांनी ठरवलेल्या रस्त्याने. मी एकदा विचारलं, की ही फसवणूक नाही का? हे चिडले. म्हणाले, "फसवणूक कशाची? माल आपला चांगलाच आहे. फक्त बघायला आलेल्या माणसाला टेन्शन नको द्यायला." टीम खूश होऊन गेली की हे घरी येताना सराफ्यातून रबडी आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी मोडक्या ट्रॉल्या पुन्हा पुढे यायच्या.

नोकरी संपायला थोडीच वर्षं राहिली असताना यांना खोकला लागला. कोरडा, हट्टी, जेवताना हमखास येणारा. आम्ही आधी सेंव-मिरची बंद केली, मग पंखा बंद केला, मग दोन डॉक्टर बदलले. शेवटी छातीचा स्कॅन झाला आणि कळलं, की फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत. तरुणपणी हे घासाईच्या विभागात होते, तिथे धुळीत समोरचा माणूस दिसत नसे. ती धूळ नडली की आणखी काही, ते आता नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. जे कडक झालंय ते पुन्हा मऊ होणार नाही, हे मात्र त्यांनी नक्की सांगितलं.

ज्या दवाखान्यात आम्ही जायचो तिथे अशा पेशंटसाठी महिन्यातून एक सकाळ ठेवलेली असे. त्या सकाळी सगळे एकाच ठिकाणी. छातीचे मोठे डॉक्टर, चालवून बघणारी आणि व्यायाम शिकवणारी फिजिओ, खाण्याचं बघणारी आहारवाली मॅडम, मनाचं बघणारा एक तरुण समुपदेशक आणि सगळ्यांना धाक लावून कामाला लावणारी एक सिस्टर. पेशंट एकेकाकडे फिरायचा, मग हे पाचही जण एका लांब टेबलाभोवती बसून आपापलं सांगायचे आणि पुढे काय करायचं ते ठरायचं. नंतर पेशंटला आणि घरच्यांना आत बोलवायचे. मला ही पद्धत फार आवडली होती. इकडची फाइल तिकडे, तिकडचा रिपोर्ट इकडे, ही धावपळ मी सासूबाईंच्या आजारपणात खूप केली होती. इथे सगळी डोकी एका टेबलाशी, म्हणजे काही सुटणार नाही, असं मला वाटलं.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी औषधं समजावली, घरी ऑक्सिजनचं मशीन आणि बाहेर जाताना छोटा सिलिंडर लागेल हे सांगितलं, आणि मग चष्मा काढून म्हणाले, "देखिए, आगे चलके ट्रान्सप्लांट का सोचना पड़ेगा. नए फेफड़े. इंदौर से बाहर भेजना पड़ेगा. पर उसके लिए फेफड़े छोड़के बाकी शरीर तंदुरुस्त चाहिए." चष्मा पुसत त्यांनी पुढे सांगितलं, "और टाइम सही चाहिए. बहुत पहले भी नहीं, बहुत देर से भी नहीं. वो हम देखते रहेंगे."

मी वेळेचं वाक्य मनात ठेवलं. यांनी तंदुरुस्तीचं. पुढचं सगळं त्यातून झालं.

घरी येताना गाडी मी चालवत होते. हे बाजूला बसून बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होते. म्हणाले, "टीम अच्छी आहे. दर महिन्याला ऑडिट समज." मला तेव्हा तो विनोद वाटला आणि मी हसले. यांच्या तोंडून इतक्या दिवसांनी विनोद ऐकून बरं वाटलं होतं.

पण हे विनोद करत नव्हते. रात्री जेवताना यांनी मला हिशेब समजावला, नेहमीसारखं ताटाच्या कडेवर बोट ठेवून. "हे बघ, विचार कर. एक माणूस मेला, त्याची फुफ्फुसं मिळाली. लाइनीत कितीतरी जण. कोणाला देतील? जो मरणाच्या दारात पडून राहिलाय त्याला? कमजोर पार्टीला कोणी मोठी ऑर्डर देतं का? आपली फाइल टॉपवर पाहिजे." मी म्हटलं, "ही काय ऑर्डर आहे? जो जास्त आजारी त्याला आधी देणार ना?" हे माझ्याकडे बघून असे हसले, जसं काही मी पहिलीतलं पोर आहे. यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं.

तेव्हापासून आमचा महिना त्या एका सकाळीभोवती फिरायला लागला. आधीचे दोन दिवस हे पलंगावरून उठायचे नाहीत. अंघोळ नाही, पूजा नाही, बोलणंसुद्धा मोजकं. शक्ती साठवायची. त्या दिवशी मात्र दाढी गुळगुळीत, शर्ट कडक इस्त्रीचा, केसांना तेल. गालांना थोडा रंग यावा म्हणून गरम टॉवेल. दवाखान्याच्या पोर्चमध्ये गाडी थांबली की हे नंबर येईपर्यंत खाली उतरायचे नाहीत. सिस्टरने हाक मारली की ताठ चालत आत जायचे, "क्या हाल है, सिस्टर?" असं मोठ्याने विचारत. ते एक वाक्य बोलण्यासाठी गाडीत किती वेळ दम जमवून ठेवला होता, ते मला माहीत होतं.

वजनाच्या काट्यावर उभं राहायच्या आधी हे घरूनच तांब्याभर ताक पिऊन निघायचे. खिशात किल्ल्यांचा जुडगा. पुढे पुढे त्यानेही भागेना, कारण अंगावरचं मांस खरंच उतरत होतं, राजवाड्याजवळून घेतलेल्या नव्या पट्ट्याला मी घरी सुऱ्याने भोकं पाडून देत होते. मग यांनी टेबलावरचा कागद दाबायचा लोखंडी ठोकळा काढला. कारखान्यातल्या पहिल्या चांगल्या ओतकामाचा तो नमुना, आजारपणामुळे नोकरी सोडली तेव्हा निरोपसमारंभात यांना भेट मिळालेला. तो पँटच्या खिशात, वरून स्वेटर. आहारवाली मॅडम वजन बघून म्हणायची, "वा अंकलजी, मेंटेन किया है आपने!" आणि हे लाजल्यासारखं करायचे.

चालायच्या टेस्टमध्ये मात्र खरी कारागिरी होती. लांब व्हरांड्यात दोन टोकांना दोन नारिंगी शंकू ठेवलेले, त्यांच्यामध्ये सहा मिनिटं चालायचं. बोटाला चिमटा, त्यावर रक्तातला ऑक्सिजन दिसतो. किती अंतर चालला आणि आकडा किती खाली गेला, हे फिजिओ लिहून घ्यायची. हे स्वतःचा सिलिंडर लावून चालायचे. ती ऑक्सिजनचा वेग ठरवून द्यायची, आणि ती वळली की हे पिशवी नीट करायच्या निमित्ताने वाकून सिलिंडरचा खटका फिरवून ऑक्सिजन वाढवायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नीट कळलंच नाही. दुसऱ्यांदा कळलं. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "तुम्ही काय करून राहिलात हे? ती पोरगी तुमच्या भल्यासाठी मोजतेय." हे डोळे मिटून पडले होते, ओठ जांभळे. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पास झालो की नाही?"

फुंकायच्या मशीनपुढे मात्र तयारी चालायची नाही. तिथे नळीत जोर लावून फुंकावं लागतं आणि जे आहे तेच निघतं. तो आकडा हळूहळू उतरत होता. डॉक्टर कागद बघून कपाळाला आठ्या घालायचे. पण मग टेबलावर बाकीच्यांचं यायचं. वजन स्थिर. चालणं उत्तम. झोप, भूक, मन, सगळं छान, कारण समुपदेशकाला हे विनोद सांगून इतकं हसवायचे की तो बिचारा पुढचे प्रश्न विसरायचा. चार जण यांच्या बाजूने आणि एक मशीन विरुद्ध. "चलिए, अभी वॉच करते हैं," डॉक्टर म्हणायचे. ट्रान्सप्लांटसाठी नाव पाठवायचं पुढच्या महिन्यावर जायचं. हे समजायचे, आपली फाइल मजबूत होतेय.

घरी काय चाललं होतं ते सांगते. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं, तरी अंघोळ करून बाहेर आल्यावर हे अर्धा तास बोलू शकत नसत. एका घासाला दोन-तीन श्वास. पोहे नको म्हणायला लागले, कारण कोरडा दाणा घशात गेला की खोकला, आणि खोकला सुरू झाला की डोळे पांढरे. इंदुरात राहून पोहे नको म्हणणारा माणूस किती आजारी असेल ते कोणीही ओळखेल. शेजारीण खजरान्याहून लाडू घेऊन यायची, हे तिच्यासमोर उठून बसायचे, गप्पा मारायचे, आणि ती गेली की आडवे. शेजारीण मला म्हणायची, "भाऊजी तो पहिल्यापेक्षा चांगले दिसतात!" मला तिला लाडवासकट बाहेर काढावंसं वाटायचं.

शेवटी मी ठरवलं, सांगायचं. यांना आधी सांगून ठरवलं, पाठीमागून नाही. हे घाबरले. लग्नानंतर एवढ्या वर्षांत मी यांना घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "तू सांगितलंस तर नाव कटेल माझं. मग काय, बसून वाट बघू?" कशाची वाट, ते बोलले नाहीत. मी म्हटलं, "नाव अजून गेलेलंच नाही, तर कटेल कुठून?"

पुढच्या वेळी टेबलासमोर बसल्यावर मी सगळं सांगितलं. स्टूल, घास, खिशातलं ओझं, सिलिंडरचा खटका. आवाज चढला माझा, रडूही आलं, ते यायला नको होतं. कारण मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, यांच्याकडे नाही. हे शांत बसले होते, कडक इस्त्रीत. हसून म्हणाले, "सर, इसको बहुत टेन्शन रहता है. मैं ज़रा बाथरूम में टाइम लगाऊँ तो दरवाज़ा पीटती है." टेबलाभोवती जरा हसू पसरलं. दोन्ही खिसे यांनी स्वतःच बाहेर काढून दाखवले. त्यात फक्त रुमाल होता. मी सांगणार हे माहीत होतं ना यांना, ठोकळा त्या दिवशी घरीच होता. आणि वजन? ते दोन किलो कमी भरलं, तर यांनी आदल्या दिवशी पोट बिघडल्याचं आधीच सांगून ठेवलेलं. फिजिओ म्हणाली, सिलिंडर मी स्वतः सेट करते. डॉक्टरांनी क्षणभर यांच्याकडे निरखून पाहिलं. मला वाटलं, आता उठतील, परत चालवून बघतील. पण बाहेर बाकांवर वीस पेशंट बसले होते.

त्या सभेतून एक गोष्ट मात्र निष्पन्न झाली. त्यांनी मला समुपदेशकाकडे पाठवलं. घरच्या माणसांवरही ताण असतो, तोही उपचाराचाच भाग आहे, असं त्यांनी मला गोड शब्दांत समजावलं. त्या तरुणाने मला खुर्चीत बसवून सावकाश श्वास घ्यायला आणि सावकाश सोडायला शिकवलं. मला! बाहेर माझ्या नवऱ्याला हवा पुरत नव्हती आणि आत मी पोटात हवा भरून दहापर्यंत मोजत होते. मुलगा चांगला होता, त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. मी दहा मोजले आणि उठून आले.

त्यानंतर दोन महिने आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. मी औषध हातात द्यायचे, हे घ्यायचे. आमची मुलगी पुण्याहून फोन करायची, हे तिलाही "एकदम मस्त" सांगायचे. फोन ठेवला की मशीनची नळी पुन्हा नाकात.

मग थंडीतली ती सकाळ. यांच्या सिलिंडरचा पट्टा तुटला म्हणून सिस्टरने दवाखान्याचा मोठा सिलिंडर चाकांच्या गाडीवर घालून आणला. तो ढकलत फिजिओची मदतनीस बाई मागून चालणार, आणि खटका तिच्या हातात. हे म्हणाले, आज नको, पाय दुखतोय. फिजिओ हसून म्हणाली, "अंकलजी, आप तो हमारे स्टार हो, थोड़ा ही चलिए." स्टार म्हटल्यावर हे मागे हटणार नव्हते. मी ओळखते ना. उठले, शर्ट खाली ओढला आणि चालायला लागले.

पहिल्या शंकूपर्यंत गेले. वळले. परत येताना पावलं जवळजवळ पडायला लागली, पण मान ताठ. फिजिओने चिमट्यावरचा आकडा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "रुकिए अंकलजी, रुकिए." हे थांबले नाहीत. यांना वाटलं असेल, थांबलो तर नापास. आणि मग गुडघ्यांतून गेले, भिंत धरायला हात पुढे केला तो नुसता हवेत. मी धावले. आम्ही तिघींनी यांना बाकावर घेतलं तेव्हा खिशातून तो लोखंडी ठोकळा फरशीवर पडला. त्याचा आवाज सगळ्या व्हरांड्यात गेला. आहारवाली मॅडम आपल्या खोलीतून बाहेर आली, वाकून तिने तो उचलला, हातात तोलून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी पाचही जण टेबल सोडून यांच्या खाटेभोवती उभे होते. यांचं खरं वजन किती ते उघड्या अंगाने मोजलं गेलं. डॉक्टरांनी यांच्या मांडीला हात लावून पाहिला, दवाखान्याचा पायजमा होता, मांडी नव्हतीच. "सर," ते हळू आवाजात म्हणाले, "आप हमको क्या दिखा रहे थे?" यांना मास्क लावलेला. मास्क बाजूला करून हे म्हणाले, "तंदुरुस्ती." डॉक्टर बाहेर जाऊन खिडकीपाशी उभे राहिले. फिजिओ रडत होती. मला तिची दया आली नाही. आता येते, तेव्हा नाही आली. मी तिला म्हटलं, "मैंने बताया था." एवढंच म्हटलं, आणि मला वाटलं होतं तसं बरं काही वाटलं नाही.

मग सगळं भराभर झालं. जे कित्येक महिने पुढे ढकललं गेलं होतं ते आठवड्यात. रिपोर्ट, स्कॅन, रक्त, दूर दक्षिणेतल्या एका मोठ्या दवाखान्याला सगळे कागद. आमचे डॉक्टर स्वतः फोनवर तासन् तास बोलत होते, हे मला मान्य केलंच पाहिजे. आहारवाली मॅडम रोज फोन करून काय खाल्लं विचारायची, सिस्टर घरी येऊन जायची. आता सगळे खरं विचारत होते आणि हे खरं सांगत होते. किती त्रास होतो, कुठे होतो. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा ती टीम आणि माझा नवरा समोरासमोर आले होते. मला आशा वाटायला लागली होती. मुलगी येऊन राहिली, तिने तिकडे भाड्याने खोली शोधायलाही सुरुवात केली.

तिकडच्या डॉक्टरांशी बोलणं लांब टेबलाशीच झालं, भिंतीवर मोठा पडदा लावून. पडद्यावर तीन-चार जण. त्यातल्या एका बाईने यांना नाव विचारलं, खुर्चीतून उठून दाखवायला सांगितलं. हात न टेकता. यांनी प्रयत्न केला. पुन्हा केला. मग ती म्हणाली, बसा, बसा. मग इंग्रजीत बराच वेळ आपसांत चाललं. शेवटी ती हिंदीत यांच्याशीच बोलली, आणि नीट बोलली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ती म्हणाली, इतकं मोठं ऑपरेशन सोसेल एवढी ताकद अंगात राहिलेली नाही, टेबलावरून उठवता येणार नाही. आम्ही नाव यादीत घेऊ शकत नाही. पाच-सहा महिने आधी पाठवलं असतं तर विचार झाला असता.

हे पडद्याकडे झुकले. मग म्हणाले, "पर मैडम, तब तो मैं फिट था."

त्या टेबलाभोवती एकानेही मान वर केली नाही. पडद्यावरच्या बाईला यात काय झालं ते कळणं शक्य नव्हतं. तिने सॉरी म्हटलं आणि पडदा काळा झाला.

लोक मला विचारतात, तुला कोणाचा राग येतो? खरं सांगायचं तर सगळ्यांचा. पाच शिकलेली माणसं, प्रत्येकाने आपापला तुकडा मन लावून तपासला, आणि तुकडे जोडून जो माणूस तयार झाला तो आमच्या घरी कधी राहतच नव्हता. आमच्या घरी राहणाऱ्याबद्दल सांगायला मी गेले तर मलाच खुर्चीत बसवून श्वास शिकवला. पण त्यांच्यापेक्षा जास्त राग मला यांचाच येतो. एवढी हुशारी, एवढी मेहनत, एवढा दम कशावर घालवला या माणसाने! तोच दम माझ्याशी बोलण्यात घालवला असता. हे गेले त्याला आता बरेच दिवस झाले, तरी कपाट आवरताना मी एकटीच भांडते यांच्याशी, मोठमोठ्याने, आणि खालच्या मजल्यावरची वहिनी घाबरून वर येते.

नकार आल्यानंतर औषधं बदलली. आता बरं करायची नव्हती, त्रास कमी करायची होती. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात जायचं, अशा एका दिवसाची ही गोष्ट. दुपारची वेळ. हे बाजूच्या सीटवर उशीला टेकून, मुलगी मागे सिलिंडर धरून. एका चौकात ट्रॅफिकच्या हवालदाराने शिट्टी मारून सगळ्या गाड्या थांबवल्या. आम्ही पुढच्याच रांगेत होतो. समोरचा मोठा रस्ता पूर्ण रिकामा, दोन्ही बाजूंना दोऱ्या धरून पोलीस. हवालदार माझ्या काचेशी येऊन म्हणाला, "मैडम, इंजन बंद कर दो. ग्रीन कॉरिडोर है." आमच्या इंदुरात हे आता सगळ्यांना माहीत आहे. कोणाच्या तरी घरच्यांनी आपल्या गेलेल्या माणसाचे अवयव दिलेले असतात, ते विमानतळावर पोचेपर्यंत सगळं शहर थांबवतात.

यांनी खुणेने काच खाली करायला सांगितलं. मी केली. हवालदाराला जवळ बोलावलं आणि शब्द तोडत विचारलं, "क्या जा रहा है, भिया?"

"फेफड़े हैं, बाबूजी," तो म्हणाला. "किसी की ज़िंदगी बच जाएगी." यांच्या नाकातली नळी त्याने नंतर पाहिली. तो पटकन पुढे गेला.

लोक गाड्यांमधून उतरून उभे राहिले होते. कोणी मोबाइल वर धरला होता, कोणी हात जोडले होते. सायरन आधी लांबून आला, मग ती पांढरी गाडी आमच्यासमोरून इतक्या वेगाने गेली, की नीट दिसलीही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले नाहीत. मागे मुलगी तोंड दाबून बसली होती. हे मान वळवून त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, चला, कोणाचं तरी भलं झालं. तसं बोलायचीच यांची रीत होती, आयुष्यभर.

यांनी माझा हात शोधला. बोटं गार होती.

"मला पाहिजे होतं गं," हे म्हणाले. "मला जगायचं होतं."

मी म्हटलं, "माहीत आहे मला." पोलिसांनी दोऱ्या सोडल्या, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, आणि माझ्या हाताने किल्ली फिरवली जाईना.